एकास सदतीस, एकास सत्त्याऐंशी

डब्ल्यूडीएम-2 या डिझेल इंजिनाची लांबी 17.12 मीटर, रुंदी 2.86 मीटर आणि उंची 4.185 मीटर. एकास सत्त्याऐंशी या प्रमाणात उतरवलं की लांबी 197 मिलिमीटर येते, रुंदी 33 आणि उंची 48. पुरती वीतभरही नाही. निवृत्तीनंतर मी रोज एवढ्याच जागेत काम करतो. त्याआधीची सगळी नोकरी याच इंजिनाच्या पोटात गेली, कल्याणच्या डिझेल शेडमध्ये, फिटर म्हणून. घर मात्र पहिल्यापासून इगतपुरीत.

मॉडेल बघायला येणारे बहुतेक जण एकच विचारतात, इतकं बारीक काम जमतं कसं? बारीक करणं हाताच्या सवयीनं येतं. चांगली कानस, धारदार करवत, डोळ्याला लावायचं भिंग आणि चित्त ठिकाणावर असलं की कुणालाही जमेल. खरा प्रश्न काय बारीक करायचं आणि काय सोडून द्यायचं, हा असतो. त्याचं उत्तर मला पुस्तकातून किंवा फोटोतून मिळालं नाही. ते इंजिनाखालच्या पिटमध्ये उभं राहून, वरून गळणारं तेल खांद्यावर घेताना मिळालं. मॉडेलवरचा प्रत्येक तपशील म्हणजे कुणाच्या तरी कामाची खूण असते. ते काम ठाऊक नसेल तर खूण चुकते, किंवा निर्जीव दिसते.

इगतपुरीत राहून डिझेलवर जीव लावणं आमच्या गावाला थोडं विचित्रच वाटायचं. हे गाव विजेच्या इंजिनांचं. कसाऱ्याहून थळ घाट चढून येणारी लोहमार्गाची वाट 1 जानेवारी 1865 रोजी सुरू झाली, जीआयपी रेल्वेच्या काळात, वाफेच्या इंजिनांवर. 1930 च्या सुमारास घाटात तार आली, 1500 व्होल्ट डीसीची. तेव्हापासून इथल्या पोरांचे खेळ म्हणजे बँकर, घाट चढताना गाडीला मागून ढकलणारी जादा इंजिनं, मोजणं. त्या काळची स्वित्झर्लंडच्या घडणीची डब्ल्यूसीजी-1 इंजिनं, पुढेमागे लांब नाकं, मधे केबिन आणि चाकांना जोडलेले लोखंडी दांडे. त्यांना सगळे ‘खेकडा’ म्हणायचे. माझ्या लहानपणी ती यार्डात उभी असताना कण्हल्यासारखा आवाज करायची, आणि चालायला लागली की डावीउजवीकडे डुलायची. पुढे साठीच्या दशकाच्या शेवटी भुसावळकडून 25 हजार व्होल्ट एसीची तार इगतपुरीपर्यंत आली, आणि आमचं स्टेशन दोन विजांच्या सीमेवरचं नाकं झालं. मुंबईकडून आलेलं इंजिन इथे सुटायचं, पुढचं इंजिन इथे लागायचं. फलाटावर वडापाव खाणाऱ्या प्रवाशाला वाटायचं गाडी उगाच थांबलीय. पलीकडे तेवढ्या वेळात सांधेवाले, शंटर, ड्रायव्हर, गार्ड सगळे घड्याळाशी झुंजत असायचे.

या सगळ्यात डिझेल इंजिन म्हणजे तारेशी काही देणंघेणं नसलेला पाहुणा. मनमाडच्या पुढे नांदेडकडचा मार्ग फार उशिरापर्यंत विजेविना होता, म्हणून तिकडच्या गाड्या मुंबईपासूनच डिझेलवर धावायच्या. तपोवन एक्स्प्रेस घाट चढून आली की तिच्या आवाजानं स्टेशनाजवळच्या घरांची तावदानं थरथरायची. मागे विजेचे बँकर, पुढे डिझेल. दोन वेगळ्या जातीची इंजिनं एकाच गाडीला लावून चढवायची, तेही पावसात ओल्या रुळांवर, यात दोन्ही टोकांच्या ड्रायव्हरांचा जो मेळ लागतो त्याला मी आजही मनापासून मानतो.

घाटाचा चढ एकास सदतीस. सदतीस मीटर पुढे गेलात की एक मीटर वर. ऐकायला फार वाटत नाही. पण हजार टनांच्या गाडीला या चढावर नुसतं गुरुत्वाकर्षण 27 टनांच्या जोरानं मागे खेचतं. चाकांचं घर्षण, वळणांचा विरोध हे सगळं त्याच्यावर. डब्ल्यूडीएम-2 सुरुवातीला जास्तीत जास्त 30 टनांच्या आसपास ओढू शकतं, आणि तो जोर फार वेळ टिकवता येत नाही, मोटारी तापतात. म्हणून बँकर. ते मागेच का लावायचे, पुढे आणखी इंजिनं का जोडायची नाहीत, हे मला पहिल्यांदा एका जुन्या ड्रायव्हरनं समजावलं होतं. सगळा ओढा पुढून घेतला तर पहिल्या डब्याच्या कपलिंगवर साऱ्या गाडीचा ताण येतो. मागून ढकललं की तो वाटला जातो. आणि मधेच कपलिंग तुटलंच, तर मागचे डबे कसाऱ्याकडे घरंगळायला लागण्याआधी त्यांच्या पाठीशी बँकर उभे असतात. घाटातली प्रत्येक पद्धत अशा एखाद्या भीतीपोटी ठरलेली आहे, आणि तिच्यामुळेच लाखो माणसं निर्धास्त झोपून हा घाट पार करतात.

आयटीआयला डिझेल मेकॅनिकचा ट्रेड केला आणि शेडला लागलो. सुरुवातीला कल्याणला खोली घेऊन राहिलो, पुढे शिफ्ट बघून अप-डाउन. पंचवटी एक्स्प्रेसच्या पासधारकांचा डबा म्हणजे अर्धं गावच. शेडमध्ये पहिल्या दिवशी मिस्त्रींनी इंजिनाभोवती फिरवलं आणि डोक्यात एक क्रम घट्ट बसवला: नोज, कॅब, जनरेटर, इंजिन रूम, एक्स्प्रेसर, रेडिएटर. कॅबपुढच्या आखूड नाकापासून, म्हणजे शॉर्ट हूडपासून, मागच्या लाँग हूडच्या टोकापर्यंत सहा कप्पे. एक्स्प्रेसर म्हणजे ब्रेकसाठी हवा दाबणारं आणि खेचणारं जोडयंत्र. कुठलाही बिघाड सांगताना आधी कप्पा सांगायचा, मग भाग. आज मॉडेलचं चित्र काढायला बसतो तेव्हाही कागदावर पहिल्यांदा हे सहा भाग पाडतो, नंतर बाहेरची रेघ. फोटो बघून काम करणारे बाहेरून आत येतात. मी आतून बाहेर जातो, आणि दरवाजांच्या जागा आपोआप बरोबर पडतात, कारण प्रत्येक दरवाजा आतल्या कुठल्या तरी भागासाठी असतो.

हे इंजिन मुळात अमेरिकेतल्या आल्को कंपनीचं. न्यूयॉर्क राज्यातल्या स्केनेक्टडी गावात तिचा कारखाना होता. 1962 मध्ये पहिली डब्ल्यूडीएम-2 तिथून आली, आणि जानेवारी 1964 मध्ये वाराणसीच्या डिझेल लोकोमोटिव्ह वर्क्समधून आपल्याकडे जोडलेलं पहिलं इंजिन बाहेर पडलं, लालबहादूर शास्त्रींच्या हस्ते. आल्कोनं 1969 मध्ये अमेरिकेत इंजिनं बनवणं बंद केलं. वाराणसीत मात्र हीच जात 1998 पर्यंत बनत राहिली, अडीच हजारांहून जास्त. ज्या कंपनीनं जन्म दिला ती संपली आणि तिचं इंजिन आपल्या कारागिरांनी तीसपस्तीस वर्षं जोपासलं, सुधारलं, 2600 अश्वशक्तीवरून 3100 वर आणि पुढे 3300 वर नेलं. याचा मला अभिमान आहे. परदेशातले आल्कोचे चाहते आजही भारतातल्या रेकॉर्डिंगमधून तो आवाज ऐकतात.

सोळा सिलिंडर, 45 अंशांच्या कोनात आठ-आठच्या दोन रांगा, प्रत्येक सिलिंडरचा व्यास नऊ इंच. इंजिन सुरू करायला वेगळा स्टार्टर नाही. बॅटऱ्यांची वीज मुख्य जनरेटरला द्यायची, तो क्षणभर मोटार बनून क्रँक फिरवतो, आणि इंजिनानं पेट घेतला की तोच जनरेटर पुन्हा आपल्या कामाला लागतो. ही रचना पहिल्यांदा कळली तेव्हा मी कितीतरी वेळ जनरेटरच्या कप्प्यातच उभा होतो. नवीन मुलांना शिकवताना मी पहिला धडा नेहमी हाच घेत असे.

शेडमधलं काम ऐकण्याचं फार. इंजिन बंद केल्यावर टर्बो, म्हणजे इंजिनाला जादा हवा पुरवणारा भाग, लगेच थांबत नाही, गरगरत राहतो. तो किती वेळ फिरतो ते घड्याळ लावून ऐकायचं. लवकर थांबला तर बेअरिंगमध्ये काही तरी अडकतंय. मधेच घासल्यासारखा आवाज आला तर तो उतरवायचाच. तेलाचा नमुना बाटलीत भरून प्रयोगशाळेत जायचा आणि त्यात तांबं, लोखंड, शिसं किती उतरलंय यावरून आतली कुठली बेअरिंग, कुठली रिंग झिजतेय हे उघडण्याआधीच कळायचं. जुने मिस्त्री ते तेल दोन बोटांत चोळून आधीच अंदाज सांगायचे, आणि अहवाल येईपर्यंत आम्ही श्वास रोखून बसायचो. बऱ्याचदा त्यांचा अंदाज खरा निघायचा.

आता या सगळ्याचा 197 मिलिमीटरांशी काय संबंध, ते सांगतो.

रनिंग बोर्ड म्हणजे लाँग हूडच्या दोन्ही बाजूंनी जाणारी अरुंद वाट. तिला बाहेरून कठडा. हा कठडा हातात मावेल इतक्या जाडीचा नळ आहे, सव्वा इंचाच्या आसपास. एकास सत्त्याऐंशीला तो 0.37 मिलिमीटर येतो. बाजारात मिळणाऱ्या मॉडेलांवर कठडा प्लॅस्टिकचा असतो आणि मोडू नये म्हणून दुप्पट जाड केलेला असतो. त्यामुळे सगळं इंजिन खेळण्यासारखं दिसायला लागतं. मी पितळी तार वापरतो, मुंबईच्या नागदेवीतून आणलेली. तिचे खांब झाळून बसवतो. इतकी बारीक तार झाळताना ताप जरा जास्त झाला की शेजारचा सांधा सुटतो, म्हणून एकेका सांध्याला ओला कागद गुंडाळून पुढच्याला ताप द्यावा लागतो. या कठड्यापायी माझा सगळ्यात जास्त वेळ जातो. तो जाऊ द्यावा असंच मला वाटतं, कारण घाटात पावसात, इंजिन चालू असताना, असिस्टंट ड्रायव्हर याच नळाला धरून मागच्या कप्प्यापर्यंत जातो. त्या माणसाचा सगळा भरवसा या 0.37 मिलिमीटरवर आहे.

रंगाचंही तसंच. मॉडेल जुनं, वापरलेलं दिसावं म्हणून रंग उडवण्याची, गंज दाखवण्याची एक कला आहे. अनेक जण ती छान करतात, पण कुठेही करतात. खऱ्या इंजिनावर रंग उडतो तो माणसांच्या हातापायांनी. कॅबच्या दाराशेजारचा उभा नळ चकचकीत असतो, कारण चढताना प्रत्येक जण तिथेच हात घालतो. सगळ्यात खालच्या पायरीची कड घासलेली, वरच्या पायऱ्यांची कमी. डिझेल भरण्याच्या तोंडाखाली टाकीवर ओघळ, त्यावर बसलेली धूळ, त्यावर पुन्हा ओघळ. वाळूपेटीच्या झाकणाभोवती पांढुरके डाग. इंजिन रूमचे दरवाजे सतत उघडझाप होतात, म्हणून कड्यांभोवती काळ्या बोटांचे ठसे, आणि रोजचं काम नसलेल्या दरवाजांवर रंग जवळजवळ शाबूत. कुठला हात कुठे पडतो हे ठाऊक असेल तर ब्रश आपोआप तिथेच टेकतो.

काजळीचा पट्टा हा तर माझा आवडता तपशील. या इंजिनात टर्बो जनरेटरच्या बाजूला बसतो, म्हणून धुराडं कॅबच्या अगदी मागे. ड्रायव्हरनं नॉच, म्हणजे ताकदीचा टप्पा, झपाट्यानं वाढवला की इंधन लगेच वाढतं, पण टर्बोला वेग घ्यायला थोडा वेळ लागतो. तेवढ्यात हवा कमी पडते आणि धुराचा काळा लोट उठतो. आल्कोची ओळखच ती. शॉर्ट हूड पुढे असेल तर हा धूर लाँग हूडवरून मागे जातो. लाँग हूड पुढे असेल तर कॅबच्या छतावर येतो. म्हणून छतावरच्या काजळीवरून इंजिन जास्त करून कुठल्या तोंडानं चाललंय ते सांगता येतं. लाँग हूड पुढे ठेवून गाडी चालवणं ड्रायव्हरांना नकोसं असायचं, समोरचा सिग्नल दिसायला तेवढं लांब नाक आड यायचं. मी मॉडेल करतो तेव्हा आधी ठरवतो की हे इंजिन कुठल्या गाडीला, कुठल्या तोंडानं लागत होतं. मग काजळी.

बोगीची गोष्ट थोडी तांत्रिक आहे, पण ती टाळून चालणार नाही. या इंजिनाखालच्या ट्रायमाउंट बोगीत तीन आस आहेत, आणि त्यांच्यामधली दोन अंतरं सारखी नाहीत. मधलं चाक एका बाजूला सरकलेलं असतं. प्रत्येक आसावर एक ट्रॅक्शन मोटार टांगलेली, मधे वजन घेणारा पिव्हट, अशा दाटीत जागा काढताना ही असमानता आली. बाजूनं बघताना साध्या डोळ्याला ती चटकन कळत नाही. पण तीन चाकं सारख्या अंतरावर बसवली की इंजिन उभं राहण्याची ऐटच जाते, कुठे बिनसलंय ते न कळूनही बघणाऱ्याला परकं वाटतं. अमेरिकेतल्या आल्कोच्या आरएसडी मालिकेच्या मॉडेलांखाली हीच बोगी मिळते, म्हणून आपल्याकडचे बरेच जण तो सांगाडा घेऊन त्यावर आपली कॅब आणि हूड चढवतात. मार्ग चांगला आहे, फक्त महाग पडतो.

आणि मग गेज. आपला ब्रॉडगेज 1676 मिलिमीटर. एकास सत्त्याऐंशीला तो 19.26 येतो. जगभर या प्रमाणाचे रूळ मिळतात ते 16.5 मिलिमीटरचे, युरोप-अमेरिकेच्या गेजवर बेतलेले. ते घेतले तर आपलं इंजिन समोरून बघताना अरुंद पायांवर उभं राहिल्यासारखं दिसतं. भारतीय गाड्यांचा रुबाब त्या रुंद पावलांत आहे, तो जातो. ज्यांना मॉडेल रुळांवर पळवायचंय त्यांच्यासाठी मी 16.5 वरच करतो, दुसरा उपाय नाही, कारण सांधे, क्रॉसिंग सगळं तयार त्याच मापात मिळतं. पण काचेच्या पेटीत ठेवायचं मॉडेल असेल तर 19.26 च्या खाली मी येत नाही. रूळही स्वतः घालतो, स्लीपरसकट. गिऱ्हाइकानं घासाघीस केली तरी या एका गोष्टीवर मी अडून बसतो.

प्रमाणात काय काय उतरत नाही, हेही काम करताना कळत गेलं. लांबी 87 नं भागायची, पण वजन 87 च्या घनानं. खऱ्या इंजिनाचं 112.8 टन वजन त्या हिशेबानं 171 ग्रॅम होतं. एवढ्या हलक्या मॉडेलाची चाकं जागच्या जागी फिरतात, चढावर तर चार डबेही ओढवत नाहीत. म्हणून आत शिसं भरून वजन दुपटीच्या वर न्यावं लागतं. आवाजाचंही असंच. इंजिन नुसतं उभं असताना मिनिटाला 400 फेरे घेतं. सोळा सिलिंडर, चार स्ट्रोक, म्हणजे फेऱ्याला आठ स्फोट, सेकंदाला 53. एवढा खर्जातला आवाज मॉडेलात बसणाऱ्या नखाएवढ्या स्पीकरमधून निघूच शकत नाही. खरं इंजिन शेजारी उभं असताना तो आवाज कानाआधी छातीत उतरायचा. मी मॉडेलात आवाजाची चकती बसवून पाहिली आणि काढून टाकली. जे आपल्या हातून खरं होणार नाही ते अर्धवट करण्यापेक्षा त्याची जागा रिकामी ठेवणं मला पटतं. वेग मात्र प्रमाणात ठेवता येतो. घाट उतरणारी मालगाडी ताशी 30 किलोमीटरनं धरली तर मॉडेलनं सेकंदाला साडेनऊ सेंटीमीटर जायला हवं. मुलं नॉब फिरवून गाडी सुसाट सोडतात, तेव्हा मी त्यांना हा हिशेब करायला लावतो. गाडी संथ झाली की ती अचानक जड दिसायला लागते.

घाट टेबलावर बसवण्याचा मोह मला खूप वर्षं होता. कसारा ते इगतपुरी सोळा किलोमीटर, म्हणजे या प्रमाणात 184 मीटर लांब. चढ जवळजवळ तीनशे मीटरांचा, म्हणजे साडेतीन मीटर उंच. एवढी जागा रेल्वे इन्स्टिट्यूटच्या हॉलमध्येही नाही. पुण्यात कोथरूडला भाऊ जोशींनी उभारलेलं मिनिएचर रेल्वेचं संग्रहालय आहे, 1 एप्रिल 1998 पासून लोकांना खुलं. तिथे मी पहिल्यांदा गेलो तेव्हा एका माणसाच्या ध्यासातून आख्खं शहर, वाफेच्या गाडीपासून वेगवान गाड्यांपर्यंत, सिग्नल आणि सांध्यांसकट कसं हलतं ठेवता येतं ते पाहिलं. भारतात या छंदाला प्रतिष्ठा मिळवून देण्यात त्या जागेचा मोठा वाटा आहे, असं मी मानतो. तिथून येताना गाडीत ठरवलं, सगळा घाट करायचा हट्ट सोडायचा. एकच वळण करायचं, एक मीटर लांब, खऱ्या चढाचं. त्यावर एक मालगाडी, पुढे डिझेल, मागे बँकर, आणि बाकी सगळा डोंगर.

ते वळण आता माझ्या ओटीवर आहे. एक मीटरला सत्तावीस मिलिमीटर चढ, बोटाच्या दोन पेरांपेक्षाही कमी. बघायला येणाऱ्यांना तो सपाटच वाटतो. मग मी एक डबा सोडून देतो, तो आपोआप मागे निघतो आणि शेवटापर्यंत थांबत नाही. त्याच्यापुढे मला घाटाबद्दल फार बोलावं लागत नाही.

आमच्या गल्लीत एक निवृत्त ड्रायव्हरसाहेब राहतात. सगळी हयात घाटात गेलेली. मॉडेल तयार झालं की पहिल्यांदा त्यांच्याकडे घेऊन जातो. चष्मा लावून ते कॅबच्या खिडकीतून आत बघतात. या इंजिनात दोन कंट्रोल स्टँड असतात, दोन्ही दिशांसाठी एकेक, तेही मी बसवतो.

एकदा म्हणाले, “मिस्त्री, ए-नाइनचं हँडल जरा वर घे. घाट उतरताना हात तिथेच असायचा आमचा.”

“ब्रेक लावलेल्या अवस्थेत दाखवू का साहेब?”

“हो. इगतपुरी सोडली की कसाऱ्यापर्यंत दुसरं काही सुचतच नाही. गाडी ओढणं सोपं रे, धरून ठेवणं अवघड.”

ते हँडल एक मिलिमीटरसुद्धा नाही. चिमट्यानं वर केलं आणि रंगाचा थेंब टाकून पक्कं केलं. बाहेरून ते कुणालाही दिसणार नाही. पण मला आणि साहेबांना ते तिथे आहे हे ठाऊक आहे, आणि त्या मॉडेलची गाडी आता घाट उतरते आहे.

आज खरी डब्ल्यूडीएम-2 बघायला मिळणं कठीण. 18040 क्रमांकाचं इंजिन दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयात जपलं आहे, तिथेच आमचा खेकडाही आहे, 4502 क्रमांकाचा, सर लेस्ली विल्सन या नावाचा. बाकी बहुतेक भंगारात गेली. 2015 पर्यंत मुंबईपर्यंतच्या मुख्य मार्गावर एसीची तार झाली, इगतपुरीला केवळ वीज बदलायची म्हणून इंजिन बदलायचं काम संपलं. वाराणसीचा कारखाना आता विजेची इंजिनं बनवतो आणि 2020 पासून त्याचं नाव बनारस रेल इंजिन कारखाना आहे. मला या बदलाचं दुःख नाही. विजेचं इंजिन घाटासाठी जास्त चांगलं, उतरताना ते वीज परत तारेत देतं, आणि रोज धुरात उभं राहिलेल्या माणसाला ते जास्त समजतं. मला काळजी वाटते ती हातातल्या माहितीची. पाइप कुठून कुठे जातो, कुठली कडी आधी उघडायची, कुठला नट उलट्या आट्यांचा, हे नकाशांत सगळं उतरलेलं नाही. शेडमध्ये वर्षानुवर्षं केलेले बारीक बदल तर कुठेच लिहिलेले नाहीत. ते करणारे लोक आता सत्तरीच्या पुढे आहेत.

सध्या एक आयटीआयचा मुलगा माझ्याकडे येतो. काका, दरवाजे नुसते कोरण्यापेक्षा उघडणारे करूया ना, असं त्यानंच सुचवलं. म्हणून पुढच्या इंजिनाच्या एका बाजूचे दरवाजे उघडतील असे करतोय. 0.2 मिलिमीटरचा पितळी पत्रा, बिजागरीला केसासारखी तार. आत आठ सिलिंडरांची रांग दिसेल, प्रत्येकाचा व्यास 2.6 मिलिमीटर, त्याच्यापुढे एक्स्प्रेसर, आणि टोकाला रेडिएटरचा आडवा पंखा. तो पंखा इंजिनाच्या शाफ्टवरून काटकोनी गिअरबॉक्समधून फिरतो, तेही दाखवायचंय. ब्लॉक आणि पंखा झाले. पाण्याचे आणि तेलाचे पाइप राहिलेत. त्यांची दोन वेगवेगळी चित्रं माझ्याकडे आहेत, दोन वेगळ्या काळातल्या इंजिनांची, आणि ती जुळत नाहीत. रविवारी कल्याणहून दोन जुने फिटर पंचवटीनं येणार आहेत. कुठलं चित्र कुठल्या वर्षीच्या इंजिनाचं हे त्यांच्याकडून पक्कं करून घेईन, आणि मगच पाइप झाळायला घेईन.